फोटोंच्या रांगेतून शिल्प : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्यशाळा संपल्यावर, प्रदर्शनात आणि फोनवर पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. शाडूला कधी हात लावला नसेल तर पहिल्यापासून वाचा. काम सुरू करून अडला असाल तर थेट सातव्या प्रश्नावर या.

१. ताई, फोटो बघून पुतळा करतात, तेच का हे?

नाही. पुतळ्यासाठी माणसाचे समोरून, बाजूने, मागून फोटो घेतात, पण त्या सगळ्यांतला क्षण एकच असतो. इथे उलटं आहे. कॅमेरा एकाच जागी बसतो आणि क्षण बदलत जातात. प्रत्येक फोटोतला आकार पुठ्ठ्यातून किंवा लाकडातून कापायचा आणि ते काप क्रमाने एकामागे एक उभे करायचे. रुंदी आणि उंची फोटोतून येते. खोली मात्र वस्तूची नसते, ती वेळेची असते. समोरून पाहिलं तर आकार दिसतो, बाजूने पाहिलं तर तो कसा बदलत गेला ते दिसतं.

कोल्हापुरात हे समजावणं मला सोपं जातं. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीची किरणं परंपरेनं पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखावर येतात. त्या तीन दिवसांच्या उजेडाच्या कडा तीन कापांत उतरवून एकापुढे एक ठेवल्याची कल्पना करा. एक जिना तयार होतो. तो जिना म्हणजे आपलं शिल्प.

२. ही कल्पना परदेशातून आली का?

तंत्राचा इतिहास तिकडचा आहे आणि तो माहीत असावा. १८७८ मध्ये एडवर्ड मायब्रिजने कॅलिफोर्नियात पळत्या घोड्याच्या वाटेवर १२ कॅमेरे ओळीनं लावले. घोडा जाताना दोरा तुटायचा आणि त्या त्या कॅमेऱ्याचा फोटो निघायचा. चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात, हे त्यातून दिसलं. फ्रान्समध्ये एटिएन-ज्यूल मारेने १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा केला. तो सेकंदाला १२ फोटो घ्यायचा. आपल्या कामाचा खरा पूर्वज मारेच, कारण तो फोटोंवर थांबला नाही. उडणाऱ्या पक्ष्यांच्या एकामागच्या एक अवस्था त्याने १८८७ च्या सुमारास शिल्पात उतरवल्या. पंख वर, पंख मधे, पंख खाली, आणि सगळं एकाच सलग रांगेत.

त्याआधी १८६० च्या सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेमने माणसाभोवती २४ कॅमेरे लावून फोटोंवरून पुतळे केले होते. पण ते पहिल्या प्रश्नातल्या पुतळ्यासारखं, एका क्षणाचं काम. आणि इटलीचा शिल्पकार बोच्चोनी याचं १९१३ चं चालत्या माणसाचं शिल्प फोटो न कापता, नुसत्या घडणीतून वेग दाखवतं.

आता आपल्या गावाकडे बघा. बाबूराव पेंटर चित्रकार होते, शिल्पकार होते, आणि त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच, कोल्हापुरात, घडवला. १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ आला. सिनेमा म्हणजे फोटोंची रांगच. शिल्प आणि फोटोंची रांग या दोन्ही गोष्टी ज्या गावात एकाच माणसाच्या हातात होत्या, तिथे हे काम परकं कसं म्हणायचं?

३. पहिला विषय कोणता घ्यावा? मी तालमीत जातो, कुस्ती घेऊ का?

कुस्ती नंतर (प्रश्न १० पाहा). पहिल्या कामाला कवडसा घ्या. खिडकीतून किंवा कौलातल्या काचेतून भिंतीवर पडलेला उन्हाचा तुकडा. त्याची कड स्वच्छ असते, तो हळू सरकतो, आणि सरकताना आकारही बदलतो. आधी बुटका, मग लांबट, मग एका कोपऱ्यात मोडलेला. तो थकत नाही आणि त्याची परवानगी लागत नाही.

दुसरा चांगला विषय नदीचा. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. घाटाच्या पायऱ्या, दीपमाळा, देवळांचे कळस यांचा पाण्यावर उरलेला आकार रोज एकाच जागेवरून टिपला, तर पूर चढला कसा आणि उतरला कसा हे हातात धरता येतं. चढताना तो घाईनं चढतो आणि उतरताना रेंगाळतो. आलेखात हे दिसतंच, पण बोटं फिरवून जे कळतं ते वेगळं. फक्त जागा उंच आणि सुरक्षित निवडा. पाण्याजवळ उभं राहून फोटो काढू नका.

गुऱ्हाळातली काहील आणि तिची वाफ बऱ्याच जणांना सुचते. दृश्य सुंदर आहे, पण वाफेला कड नाही. कड नसेल तर काप निघत नाही.

४. मोबाईल चालेल का?

चालेल. माझी निम्मी कामं मोबाईलवरची आहेत. मोबाईल प्रत्येक फोटोला उजेड आणि फोकस आपल्या मनानं बदलतो, तेवढं थांबवायचं. पडद्यावर बोट दाबून धरलं की बहुतेक फोनमध्ये दोन्ही जागच्या जागी बांधले जातात. झूम मधेच बदलू नका. फोन स्टँडवर घट्ट बसवा आणि बटण हातानं न दाबता टायमर लावा. चौकटीत न हलणाऱ्या निदान दोन खुणा येऊ द्या. भिंतीवरचे दोन खिळे पुरतात. त्यांतलं अंतर मोजून वहीत लिहा, पुढे मोजमाप त्यावरूनच निघतं.

वेगवान हालचालीला व्हिडिओ काढा. ३० फ्रेमच्या व्हिडिओतून दर तिसरी फ्रेम घेतली तर सेकंदाला १० फोटो मिळतात.

५. किती फोटो लागतात? दोन फोटोंत किती वेळ सोडायचा?

माझा नियम एवढाच, की लागोपाठच्या दोन आकारांचा काही भाग एकमेकांवर आला पाहिजे. तो आला नाही तर डोळ्याला दोन वेगळ्या वस्तू दिसतात, एकाच वस्तूचा प्रवास दिसत नाही.

कवडशाचं गणित सांगते. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे १० मिनिटांत अडीच अंश. झरोक्यापासून भिंत २ मीटरवर असेल आणि ऊन साधारण सरळ पडत असेल, तर कवडसा १० मिनिटांत सुमारे ९ सेंटिमीटर सरकतो. ऊन तिरकं असेल तर जास्त. कवडसा ३० सेंटिमीटर रुंद असेल तर १० मिनिटांचं अंतर ठीक. तो ८ सेंटिमीटरचा असेल तर ५ मिनिटांवर या. तीन तासांत १० मिनिटांनी १९ फोटो होतात आणि पहिल्या शिल्पाला तेवढे भरपूर झाले. फोटो जास्त काढायला हरकत नाही, कापताना गाळता येतात. न काढलेला फोटो मात्र नंतर मिळत नाही.

६. फोटोपासून कापापर्यंत कसं जायचं?

सगळे फोटो एकाच मापात छापा आणि खिळ्यांच्या खुणा एकमेकांवर जुळतात का ते उजेडावर धरून बघा. मग बटर पेपरवर प्रत्येकाची बाह्यरेषा काढा. प्रत्येक कागदावर अगदी त्याच जागी दोन भोकांच्या खुणा करा. सगळी रांग त्या दोन भोकांवर उभी राहणार असते. कवडसा सरकत दूर जातो म्हणून आकाराभोवती एक चौकट ठेवा आणि भोकं चौकटीत घ्या.

पहिली प्रत खोक्याच्या पुठ्ठ्यात करा. ती पटली की ३ मिलिमीटर एमडीएफ, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी. लेझरवर कापून घेत असाल तर किरणाच्या जाडीएवढं लाकूड जळतं, म्हणून आधी एक भोक कापून त्यात सळई बसवून बघा आणि मग सगळे काप सोडा. जोडणीला आट्यांची सळई आणि नट-वायसर वापरा. अंतर कमी-जास्त करणं सोपं जातं. प्रत्येक कापाच्या मागे पेन्सिलीनं क्रमांक आणि वेळ लिहा. १९ काप एकदा जमिनीवर सांडले की क्रम लावायला दुपार जाते.

अंतराचं प्रमाण आधीच ठरवा. मी कवडशाला १ मिनिट म्हणजे १ मिलिमीटर धरते. १० मिनिटांच्या कापांत मग १० मिलिमीटर येतात, त्यांत ३ लाकडाचे आणि ७ मोकळे.

७. दोन कापांमधली फट मोकळी ठेवायची की शाडूनं भरायची?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळं काम याच एका प्रश्नाभोवती आहे.

फोटोत जे आहे ते कॅमेऱ्यानं पाहिलंय. दोन फोटोंच्या मधलं कुणीच पाहिलेलं नाही. फट मोकळी ठेवली तर तुम्ही म्हणता, मला एवढंच माहीत आहे. भरली तर म्हणता, मधे असं झालं असणार, आणि ते मी सांगतेय. कवडसा भरायला हरकत नाही, कारण सूर्य मधेच उडी मारत नाही. कुंभार गल्लीत शाडू शिकले तेव्हा तिथले जाणते कारागीर सांगायचे, की माती एका बोटानं ओढायची आणि दुसऱ्यानं थांबवायची. इथेही तसंच. एका कापाच्या कडेवरून दुसऱ्या कापाच्या कडेकडे माती ओढा आणि ती फुगायला लागली की थांबवा. शाडू वाळताना आकसतो आणि कापाच्या कडेला चीर पडते, म्हणून एकदम न भरता दोन-तीन थरांत, ओलं फडकं झाकून भरा.

माणसाची हालचाल, जनावराची हालचाल, पुराचं पाणी मी शक्यतो मोकळं ठेवते. घोड्याचं पाऊल दोन फोटोंच्या मधे काय करतं याबद्दल कितीतरी चित्रकारांनी शेकडो वर्षं खात्रीनं चुकीचं काढलं, आणि मायब्रिजच्या फोटोंनी ते उघड झालं. आपली खात्री तेवढीच कच्ची असू शकते.

८. पुराच्या दिवसांत घराबाहेरच पडता आलं नाही. मधले दिवस राहिले. काम सोडून देऊ का?

सोडू नका. जेवढे दिवस गेले तेवढं अंतर सळईवर मोकळं सोडा आणि पुढचा काप त्याच्या खऱ्या जागी लावा. रांगेतली ती मोठी पोकळीसुद्धा त्या पुराचीच आहे.

मी एकदा चूक केली. दोन दिवसांचे फोटो नव्हते. आधीचा आणि नंतरचा आकार जवळजवळ सारखा होता, म्हणून मधले दोन काप अंदाजाने त्याच मापाचे केले. शिल्प देखणं झालं. नंतर बंधाऱ्यावरच्या पातळीच्या नोंदी पाहिल्या, तर त्या दोन दिवसांत पाणी उतरून पुन्हा चढलं होतं. घाटाकडच्या लोकांना तेव्हा वाटलं होतं की सुटलो. आणि माझ्या शिल्पात त्या दोन दिवसांत काहीच झालं नव्हतं. ते काप मी काढून टाकले. तेव्हापासून अंदाजाचा काप लावत नाही.

९. मधेच स्टँड हलला. सगळं वाया गेलं का?

कॅमेरा जागच्या जागी फक्त किंचित वळला असेल तर नाही. खिळ्यांच्या खुणांवर फोटो फिरवून, सरकवून जुळवा. कॅमेऱ्याची जागाच बदलली असेल, तर जवळच्या आणि लांबच्या वस्तूंचं एकमेकांतलं नातं बदलतं आणि ते जुळत नाही. त्या फोटोपासून नवी रांग धरा. सपाट भिंतीवरच्या कवडशाला यातून थोडी सूट मिळते, घाटाला मिळत नाही.

१०. आता कुस्ती. डाव एका शिल्पात कसा पकडायचा?

अडचण वेगाची नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा शटर ठेवला की हात-पाय गोठतात. अडचण ही, की दोन पैलवान भिडले की बाह्यरेषा एकच होते. ढाक मारताना कुणाचा पाय कुठला, हे सावलीवरून कळत नाही.

तीन वाटा आहेत. पहिली, दोघांच्या रेषा वेगळ्या काढून दोन लाकडांत कापायच्या, एक फिकं आणि एक गडद. जिथे एकमेकांत शिरतात तिथे एकाला खाच. दुसरी, जागा बदलायची. खासबाग मैदानाची बैठक आखाड्याभोवती चढत जाते, म्हणून वरच्या रांगेतून लांबच्या लेन्सनं घेतलं तर दोन शरीरं थोडी सुटी दिसतात. लांबून घेतल्याचा आणखी एक फायदा, पुढे आलेला हात भोपळ्याएवढा दिसत नाही. तिसरी वाट मारेची आहे. त्यानं माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर फक्त पांढऱ्या पट्ट्या लावल्या होत्या, म्हणजे फोटोत शरीर नाहीसं होऊन नुसती हालचाल उरली. तालमीत सरावाच्या वेळी एका पैलवानाच्या मनगटाला, कोपराला आणि गुडघ्याला पांढरी पट्टी बांधा, व्हिडिओ घ्या, आणि त्या तीन बिंदूंचा प्रवास जाड तारेत वाकवा. धोबीपछाडीची तार मी केली आहे. आधी वेटोळं आणि मग एकदम खाली कोसळलेली रेघ. बघणारे वस्ताद दुरूनच म्हणाले, “हात उशिरा सुटलाय ह्याचा.” त्यांना काप लागलेच नाहीत.

तालमीत कॅमेरा नेण्याआधी वस्तादांना विचारा आणि पैलवानालाही. अंगावर पट्टी बांधून घ्यायची की नाही, हे त्याचं त्यानं ठरवायचं.

११. कुंभाराचं चाक, दोरीवरच्या उड्या अशा एकाच जागी फिरणाऱ्या गोष्टींचं काय?

साधी रांग लावली तर नळी तयार होते आणि काहीच कळत नाही. उड्यांसाठी काप सरळ रांगेत न लावता गोल जिन्यासारखे थोडे थोडे वळवून लावा. चाकावरच्या मडक्याची गंमत वेगळी. ते फिरताना सारखंच दिसतं, म्हणून फिरणं विसरा आणि गोळ्यापासून गळ्यापर्यंत वाढणारा अर्धा छेद तेवढा कापा.

१२. दर वाढदिवसाला एकाच दारात काढलेले मुलीचे फोटो आहेत. कॅमेरे वेगवेगळे. चालतील?

दाराची चौकट प्रत्येक फोटोत दिसते ना? मग चालतील. चौकट आजही जागेवर असेल तर मोजा आणि सगळे फोटो त्या मापावर आणा. मूल चौकटीला टेकून उभं असेल तर माप बरोबर येतं. पुढे आलं असेल तर ते खऱ्यापेक्षा मोठं दिसेल, तो फोटो गाळा. एका वर्षाला एक सेंटिमीटर धरा. राहिलेल्या वर्षासाठी प्रश्न ८.

याच प्रकारचा एक प्रश्न वडील गेलेल्या एका मुलाकडून आला होता. दर दिवाळीला अंगणात काढलेले वडिलांचे फोटो होते, आणि शेवटच्या कापानंतर सळई संपवायची की पुढे ठेवायची, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, संपवा. त्याने ऐकलं नाही आणि सळई वीतभर मोकळी पुढे ठेवली. काम पाहिल्यावर माझं मत बदललं. आता मी असं विचारणाऱ्याला उत्तर देत नाही. सळई लांब घ्या, महिनाभर घरात ठेवा, मग ठरवा, एवढंच सांगते.

१३. इथे एवढ्या फाउंड्री आहेत. धातूत ओतून मिळेल का?

मिळेल, पण पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घेतात तो नमुना, घेऊन जाण्याआधी हे वाचा. माझे वडील उद्यमनगरात पॅटर्न करायचे, त्यामुळे या बाजूचं थोडं ऐकलेलं आणि बरंचसं पाहिलेलं आहे.

वाळूच्या साच्यातून पॅटर्न बाहेर निघाला पाहिजे. फटी असलेली कापांची रांग निघतच नाही, वाळू फटीत अडकते आणि साचा मोडतो. म्हणून एक तर काप सुटे ओतून घ्या आणि नंतर सळईवर चढवा, नाही तर फटी भरलेलं शिल्प मेणाच्या पद्धतीनं करा. मेण वितळून जातं, त्यामुळे काही ओढून काढायचं राहत नाही. सुट्या कापांच्या कडांना किंचित उतार द्या.

धातू थिजताना आकसतो. बीड (कास्ट आयर्न) मीटरला साधारण १० मिलिमीटर, ॲल्युमिनियम १३ च्या आसपास, काशाचे प्रकार १५ च्या आसपास. पॅटर्नवाल्यांकडे त्यासाठी वाढीव मापाची पट्टी असते. भोकं मात्र ओतून घेऊ नका, नंतर ड्रिल करा, नाही तर सळई बसणार नाही. बिडात ५ मिलिमीटरपेक्षा पातळ भाग नीट भरेल याची खात्री नसते. लेझरवर ३ मिलिमीटरची नाजूक शेपटी निघते म्हणून ओतकामातही निघेल, असं धरून चालू नका.

मोठ्या कारखान्यांना शेकड्यांनी नग लागतात, एका नगासाठी ते भट्टी वळवत नाहीत. छोट्या शेडमध्ये जा, पॅटर्न हातात घेऊन जा, आणि साचा करणाऱ्या मोल्डरशी स्वतः बोला. वेडंवाकडं पॅटर्न पाहून त्यांना उत्सुकता वाटते, असा माझा अनुभव आहे.

१४. संगणकच हे सगळं करत असेल तर हातानं का कापायचं?

करतो. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये व्हिडिओतून माणसाच्या हालचालीचं त्रिमित शिल्प काढणारी मोस्कल्प ही प्रणाली दाखवली, आणि तसं शिल्प थ्रीडी प्रिंटरवर छापता येतं. गुंतागुंतीच्या हालचालीला वापरा. पण संगणक फटी भरून देतो, आणि त्यानं कुठली फट कशाच्या आधारावर भरली हे तुम्हाला माहीत हवं. एक तरी शिल्प हातानं केलेलं असलं की ते विचारायचं सुचतं.

१५. पावसाळ्यात एमडीएफ फुगतं. उपाय?

कापल्यावर कडांना सीलरचे दोन हात द्या, भोकांच्या आतसुद्धा. कड पाणी सर्वांत आधी पिते. नट फार आवळू नका. जून ते सप्टेंबर भिंतीला टेकवून ठेवू नका.

१६. कवडशाचं शिल्प त्याच खिडकीत ठेवलं, तर पुढच्या वर्षी कवडसा त्याच्यावर बरोबर बसेल का?

बसेल, आणि वर्षभर थांबायची गरज नाही. सूर्य त्याच वाटेवर वर्षातून दोनदा येतो. अंबाबाईचा किरणोत्सव ९, १०, ११ नोव्हेंबरला आणि पुन्हा ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारीला होतो, त्याचं कारण हेच. दोन्ही तारखा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसापासून सारख्याच, सुमारे सहा आठवड्यांच्या अंतरावर आहेत. तुमचे फोटो १० नोव्हेंबरचे असतील तर १ फेब्रुवारीच्या सुमारास बघा.

फक्त घड्याळावर विसंबू नका. नोव्हेंबरात ४ वाजता जिथे कवडसा होता, तिथे तो फेब्रुवारीत साडेचारच्या आसपास येतो, कारण मधल्या काळात सूर्याची मध्यान्ह घड्याळात सुमारे अर्धा तास पुढे सरकलेली असते. शिल्प भिंतीलगत, भोकांच्या खुणा जुळवून ठेवा आणि चारलाच जाऊन बसा. पहिल्या कापाच्या कडेला ऊन लागलं की त्याच्या मागे पेन्सिलीनं दुसरी वेळ लिहा.